अकोटची सतरंजी

अकोट तालुक्यातील एका लहानशा गावी आमची पहिली नेमणूक झाली, तेव्हा तेथील प्रार्थनामंदिरात बाके नव्हती. शहाबादी फरशीवर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन लांबच लांब सतरंज्या अंथरलेल्या असत. एका बाजूस स्त्रिया, दुसऱ्या बाजूस पुरुष आणि अगदी पुढे लेकरे अशी मंडळी मांडी घालून बसत. मिस्सा संपली की दोन तरुण त्या सतरंज्या अंगणात नेऊन झटकीत आणि गुंडाळून कोपऱ्यात उभ्या करीत. त्या अकोटहून आणल्या होत्या, एवढेच आम्हांला ठाऊक होते. त्या कोणी विणल्या, हे विचारण्याची बुद्धी आम्हांला कधी झाली नाही.

२००३ साली आम्ही बाके केली. वर्गणी आम्हीच गोळा केली, सागाचे लाकूड आम्हीच पसंत केले आणि बाके आली त्या रविवारी प्रवचनात प्रगतीविषयी पुष्कळ बोललो. सतरंज्यांना आता जागा उरली नव्हती. एक जीपच्या टपावरील सामानावर टाकण्यास गेली. दुसरीचे तुकडे करून पायपुसणी झाली. ती कात्री आमच्याच सांगण्यावरून चालली, हे येथे लिहून ठेवतो.

गेल्या वर्षी आगमनकाळात तरुणांच्या शिबिरासाठी अंथरायला काही हवे होते. बाजारात प्लास्टिकच्या चटया स्वस्त मिळत होत्या. परंतु त्या जुन्या सतरंज्यांची आठवण झाली आणि आम्ही अकोटला गेलो. विचारीत विचारीत एका गल्लीच्या टोकाशी एक वयोवृद्ध विणकर भेटले. त्यांचा माग जमिनीलगत आडवा ताणलेला होता. सतरंजीचा माग धोतर-लुगड्याच्या मागासारखा नसतो. तेथे ताण्याचे जाड सूत जमिनीपासून हातभर उंचीवर ताणून बांधतात, त्यावर दोघे शेजारी शेजारी बसतात, बाण्याचे रंगीत सूत हाताने ओवतात आणि लोखंडी पंजाने ठोकून ठोकून घट्ट बसवितात. त्या ठोकण्यातच सतरंजीचे आयुष्य असते. बाणा इतका दाट बसला पाहिजे की ताणा डोळ्यांस दिसू नये.

“दुसरा माणूस कुठे आहे?” आम्ही विचारले. मुलगा पुण्याला एका कारखान्यात लागला होता. दुसऱ्या बाजूस आता त्यांच्या पत्नी बसत.

मनात साचलेले आम्ही त्यांना सांगून टाकले. ते हसले. “फादर, आमच्या सतरंज्या काही मशिनीनं नाई मारल्या. खुर्चीनं मारल्या. लोकं आता खाली बसतेच कुठी?”

या वाक्याने आम्ही विचारात पडलो. विणकराच्या दुर्दशेविषयी बोलताना आपण नेहमी मोठ्या कारणांकडे बोट दाखवितो, आणि ती कारणे खोटी नाहीत. इंग्रजांनी १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतले, त्यात कापसावरही त्यांचा डोळा होता. कापसाचे कमिशनर रिव्हेट-कार्नाक यांनी तर आपले गणित उघडपणे मांडले होते : विलायतेचे स्वस्त कापड येथे पोहोचले की येथील माग थंडावतील, कापूस बाहेर जायला मोकळा होईल आणि विणकर शेतमजुरीला लागतील. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन केले. कापूस त्या रुळांवरून गेला आणि कापड होऊन परत आला. कोष्टी, साळी, मोमीन अशा कितीतरी घरांतील धोटे त्यानंतर खुंटीला टांगले गेले. पुढे यंत्रमाग आले. स्वातंत्र्यानंतर सरकारने हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा १९८५ साली केला, सूतगिरण्यांवर लडीचे सूत पुरविण्याचे बंधन घातले. महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ नागपुरात उभे राहिले. राज्याच्या २०२३ च्या वस्त्रोद्योग धोरणात नोंदणी केलेल्या हातमाग विणकरांना उत्सव भत्ता देण्याचीही तरतूद झाली. भत्ता मिळावाच, पण त्याने सणाचे दोन दिवस गोड होतील, वर्षाचे उरलेले दिवस माग चालवायला गिऱ्हाईक लागते.

सतरंजीचे गिऱ्हाईक कोण होते? लग्नाची पंगत, भजनी मंडळ, शाळा, ग्रामपंचायतीची सभा आणि आमच्यासारखी प्रार्थनामंदिरे. ही सारी ठिकाणे एकामागून एक खुर्चीवर जाऊन बसली. आम्हीही बसलो. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना बाक बरेच वाटले, आणि ते खरेच बरे आहे. पण आपण बदललो त्या दिवशी कोणाची चूल विझू लागली, हे पाहण्यास आपल्यापैकी कोणी गेले नाही. वसईकडील वाचकांना आपल्या आजीचे तांबड्या चौकड्यांचे लुगडे आठवत असेल. ते नेसणाऱ्या आजी दरवर्षी कमी होत आहेत, याची हळहळ आपण करतो. ते विणणाऱ्यांचे काय झाले, असे क्वचितच विचारतो.

संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूचा अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून सबंध विणलेला होता, असा उल्लेख आहे. सेमिनरीत आम्हांला त्यावर ख्रिस्तसभेच्या ऐक्याचे प्रतीक म्हणून पुष्कळ शिकविले गेले. अकोटहून परतताना एस. टी.त मनात वेगळेच आले. वधस्तंभावर खिळलेल्या माणसाची किंमत ज्या शिपायांना कळली नाही, त्यांना विणकामाची किंमत मात्र कळली. तो अंगरखा त्यांनी फाडला नाही, त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. आम्ही तर पायपुसणी केली.

अमरावतीकरांना तपोवन ठाऊक आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी ही संस्था उभारली आणि इतर उद्योगांबरोबर तेथे हातमागही चालविले. ज्या हातांना स्पर्श करण्यास समाज कचरत होता, त्या हातांपुढे त्यांनी भीक नव्हे, काम ठेवले. दया एकदाच वस्तू विकत घेते आणि समाधान पावते. आम्हीही तेच करून आलो होतो. शिबिरापुरत्या दोन सतरंज्या सांगितल्या, आगाऊ पैसे दिले आणि मनावरचे ओझे उतरले असे मानले. सतरंज्या घ्यायला गेलो तेव्हा त्या गृहस्थांनी आभार मानले आणि म्हटले, “एक डाव घेऊन काय होते, फादर? सूत थोकानं घ्या लागते. पुढच्या सालचं सांगा, म्हंजे मी बी सांगतो.”

ही मागणी धर्मग्राम मंडळापुढे ठेवली तेव्हा चर्चा चांगलीच रंगली. सतरंजी चटईच्या जवळजवळ तिप्पट पडते. एका सभासदाने स्पष्टच विचारले की बाके असताना सतरंज्यांचे करायचे काय. दुसरे म्हणाले, विणकर आपल्या धर्मग्रामातले नाहीत, ख्रिस्तीही नाहीत. या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याची आम्हांला गरज वाटली नाही. पहिला मात्र रास्त होता. त्यावर महिला मंडळाच्या अध्यक्षबाई बोलल्या. खेड्यांतील आमच्या सहा केंद्रांत आजही बाके नाहीत, घराघरांतील रोझरीला माणसे जमिनीवरच बसतात, लेकरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग व्हरांड्यात भरतो, हे त्यांनी एकेक करून मोजून दाखविले. आम्ही शहराच्या चर्चमध्ये बसून हे विसरलो होतो. शेवटी दरवर्षी सहा सतरंज्या, तीन वर्षांपर्यंत, आणि सुताचे पैसे आधी, असे ठरले. एकाने विरोधात मत दिले. तेही वहीत नोंदले आहे.

आतापर्यंत चार आल्या. पाचवी रखडली आहे, कारण आजींच्या खांद्याला दुखणे झाले आणि त्या जागी बसायला दुसरे कोणी नाही. शेजारची एक मुलगी येऊन पंजा धरते, परंतु तिचा ठोका अजून सैल पडतो. विणलेले दोनदा उसवावे लागले. तिला रोज किती द्यावा, यावर आमचा आणि त्या गृहस्थांचा वाद चालू आहे. आम्ही म्हणतो, शिकण्याचे दिवस आम्ही भरून देतो. ते म्हणतात, शिकवणारा मी, तर तो खर्च माझा. पुढील आठवड्यात पुन्हा अकोटला जायचे आहे. महिला मंडळाने सहावीसाठी हिरवा पट्टा सांगितला आहे, त्याचे सूतही सोबत न्यायचे आहे.