नव्वदावं मिनिट आणि कोरं वेळापत्रक

एफसी गोवाच्या चाहत्याला त्याचं दुःख विचारलं, तर तो मिनिटांच्या हिशेबाने सांगतो. २० डिसेंबर २०१५ ला फातोर्ड्यात इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना होता. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला, गोवा २-१ पुढे गेला आणि शिट्टी वाजली तेव्हा फलकावर चेन्नईयिन ३, गोवा २ असं होतं. त्यातला एक गोल तर आपल्याच गोलरक्षकाच्या नावावर लागला. २४ एप्रिल २०२४ ला त्याच मैदानावर मुंबई सिटीविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना होता. नव्वदावं मिनिट उजाडेपर्यंत गोवा २-० पुढे होता. मग मुंबईचे तीन गोल: छांगते, विक्रम प्रताप आणि पुन्हा छांगते. लगेच पुढच्या वर्षी, ६ एप्रिलला, उपांत्य फेरीतली बंगळुरूमधली दोन गोलांची पिछाडी गोव्याने घरी भरून काढली. आता जादा वेळ खेळायचा एवढंच उरलं होतं, तेवढ्यात बंगळुरूच्या सुनील छेत्रीने डोक्याने गोल केला. एवढं घडल्यावर माणूस साडेसातीवर आला नाही तरच नवल. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं तर हे सुटेल, असं म्हणणाऱ्याला हसूही नये. पण २०१५ चा प्रशिक्षक झिको होता आणि २०२४ चा मानोलो मार्केझ; मधल्या काळात संघ जवळजवळ सगळाच बदलला. शेवटच्या मिनिटाला आपण जिंकलेले सामने कुणी असे तारीखवार पाठ करत नाही. आठवण निवडक असते, तिच्यावरून शाप सिद्ध होत नाही.

माझं म्हणणं असं की हे पराभव चाहत्याचं फारसं बिघडवत नाहीत. उलट तेच त्याला बांधून ठेवतात, कारण हरलेल्या सामन्यानंतर पुढचा सामना असतो. गोव्याच्या फुटबॉलचं खरं नुकसान झालं ते शेवटची शिट्टीच न वाजता. तेव्हा देशात अव्वल असलेल्या आय-लीगची पहिली सहा विजेतेपदं, २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत, एकही न सोडता गोव्यात आली: तीन धेंपो, दोन चर्चिल ब्रदर्स, एक साळगावकर. २००८ मध्ये धेंपोने एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली. भारतीय क्लबांत तो मान पहिला त्यांचा. नंतर धेंपो खालच्या श्रेणीत घसरला. २०१६ मध्ये दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून त्याने वरची जागा मैदानावर परत मिळवली, आणि वर गेलाच नाही. भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्यात आय-लीग आयएसएलच्या खाली जाणार होती. ते मान्य नाही म्हणून साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबही बाहेर पडले. या घटनेला मिनिट नाही, गोल करणारा नाही, शिव्या घालायला पंच नाही. म्हणूनच ती कुणी तारीखवार सांगत नाही.

यावर डिचोली तालुक्याच्या सुर्ला-पाळी-वेळगे या खाणपट्ट्यातला माणूस लगेच म्हणेल, अहो, खाणी बंद पडल्या, पैसा आटला, क्लब गेले, यात एवढं गूढ काय? गोव्याचं फुटबॉल बऱ्याच अंशी खनिजाच्या पैशावर उभं राहिलं हे खरंच आहे, आणि सप्टेंबर २०१२ ला ट्रक थांबले हेही या पट्ट्याला कुणी सांगायला नको. पण धेंपोंनी आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता आणि त्यानंतर क्लबने आणखी दोनदा आय-लीग जिंकली. तेव्हा पैशाचं कारण अर्धं मानावं. उरलेलं अर्धं असं की पुढच्या वर्षी कुठे, कुणाशी आणि कशासाठी खेळायचं, हेच कुणाला खात्रीने सांगता येईना.

ही खात्री नसणं म्हणजे काय, हे डिचोली तालुक्याला फुटबॉलच्या आधी कळलं. पावसाळा संपला की खाणींचा सीझन सुरू व्हायचा. बंदीनंतर दर वर्षी 'यंदा होणार' हे ऐकत ट्रक अंगणात ताडपत्रीखाली उभे राहिले. मध्ये काही काळ चालले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा उभे राहिले. धंदा बुडाला तर माणूस दुसरा शोधतो. तारीख लटकलेली असली की तो ट्रक विकतही नाही आणि चालवतही नाही. २०२५ मध्ये फुटबॉल चाहत्याची गत तीच झाली. महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार यांच्यातला करार डिसेंबरात संपत होता, नवा ठरेना, म्हणून जुलैत आयएसएल बेमुदत लांबणीवर पडली. त्याच जुलैत क्रीडा लवादाने आय-लीगचं विजेतेपद इंटर काशीला दिलं. चषक तोवर चर्चिल ब्रदर्सच्या हाती पडलेलाही होता. निकाल कायद्याने बरोबर असेल. पण एप्रिलमधल्या गुणतक्त्याचा आनंद मानायचा की नाही, हे जुलैत कळावं, ही कसली रीत?

कुणी म्हणेल, चाहत्याला तक्रारीची सवयच लागली आहे. त्याच वर्षी गोव्याने दोन चषक नाही का जिंकले? जिंकले. मे महिन्यात सुपर कप, आणि ७ डिसेंबरला फातोर्ड्यातच ईस्ट बंगालला पेनल्टींवर ६-५ ने हरवून पुन्हा सुपर कप. पण मधले महिनेही बघावेत. लीग नसताना हा संघ आशियाच्या स्पर्धेत उतरला आणि गटात एकही सामना जिंकू शकला नाही. २२ ऑक्टोबरला रोनाल्डोचा अल नासर फातोर्ड्यात आला, रोनाल्डो मात्र आला नाही. कित्येकांचा विरस झाला. (मला विचाराल तर ते बरंच झालं, निदान मैदानावर फुटबॉल बघितलं गेलं.) १-२ असा हरलेला तो सामना लक्षात राहतो तो गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसच्या गोलमुळे. पुढचा सामना ठरलेला असेल तर हरूनही माणूस काहीतरी घेऊन घरी जातो, ते असं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: असे सोशिक चाहते असल्यामुळेच कारभारी सुधारत नाहीत, तेव्हा फातोर्ड्याकडे पाठ फिरवावी. सुर्ल्याहून कुठल्याही रस्त्याने गेलं तरी मांडवी आणि जुवारी दोन्ही ओलांडाव्या लागतात, आणि संध्याकाळी साडेसातचा सामना संपल्यावर परतीची बस मिळणं नशिबावर. पाठ फिरवणं सोपंच आहे. पण २०१६ मध्ये क्लबांनी पाठ फिरवली, तेव्हा आराखडा बदलला नाही; गोव्याचेच सामने कमी झाले. धेंपोला आय-लीगमध्ये परतायला २०२४ उजाडलं. रिकामी खुर्ची बोलते असं आपण धरून चालतो, पण हिशेब ठेवणाऱ्याला ती फक्त न खपलेलं तिकीट म्हणून दिसते. त्यापेक्षा आत बसून मागणी करावी, आणि ती चषकाची नव्हे, वेळापत्रकाची असावी. अखेर लीग १४ फेब्रुवारी २०२६ ला सुरू करायचं ठरलं, तेही एकेरी फेऱ्यांत, प्रत्येक संघाला अवघे १३ सामने. हा वेळापत्रकाचा कागद जुलैतच भिंतीवर लागायला हवा होता. मग डिसेंबरापर्यंत आम्ही बचावफळीला, प्रशिक्षकाला आणि नव्वदाव्या मिनिटाला मनसोक्त नावं ठेवली असती.