मोत्याची शाळा

आमच्या गावच्या घरीं मोत्या नांवाचा एक कुत्रा आहे. त्याच्या अंगीं अवगुण एकच, पण तो मोठा ठळक : मोत्या पळून जातो. वहिनींनीं साखळी आणली, तर त्यानें पट्ट्यांतून मान सोडवून घेतली. दादांनीं कुंपणाला नवे कांटे लावले, तर त्यानें खालची माती उकरली. सुटींत आम्ही गेलों, कीं त्याला शोधून आणण्याची कामगिरी आमच्याकडे येई. तींत शोधण्यासारखें कांहींच नसे. दहाची घंटा होतांच ही स्वारी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओसरीवर हजर!

शाळा ती केवढी? दोन खोल्या, दोन गुरुजी, चार इयत्ता. दुपारीं भांड्याच्या तळाची करपलेली खिचडी मोत्याला मिळे, हें त्याच्या विद्याप्रेमाचें एक कारण असेल. पण मुलें पाढे म्हणूं लागलीं, कीं तोहि तोंड वर करून सूर धरी. गुरुजी एकदां आम्हांला म्हणाले, "सर, हजेरी याची पूर्ण. पटावर घेतां आला असता, तर फार बरें झालें असतें."

आम्ही हंसलों. त्या हंसण्याची आतां लाज वाटते. शाळेचा पट तेव्हां ९ होता.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलांना घराजवळच्या शाळेचें वचन दिलें. पुढें २०२३ सालीं, २० हून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढाव्या, असा विचार सरकारदरबारीं निघाला, तेव्हां तशा शाळा महाराष्ट्रांत १४ हजारांहून अधिक आढळल्या. त्या विषयावर आम्हीं कॉलेजांत एक तावातावाचें व्याख्यानहि दिलें. पण दादांच्या नातवाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत घाला, असा सल्ला दिला कोणीं? आम्हींच. पिवळी गाडी दारांत आली. तींत प्रथम आमच्या घरचा मुलगा चढला, मग शेजारचीं दोन मुलें. उरलीं तीं धनगरवाड्यावरचीं. त्यांना गाडीचें भाडें परवडणारें नव्हतें. गेल्या वर्षीं शाळेला कुलूप लागलें. त्यांतला एक मुलगा आतां सहा किलोमीटर चालत दुसऱ्या शाळेंत जातो. एक मुलगी शेळ्या राखते. सर्वांत मोठ्यानें पाढे म्हणे, तीच ती.

मागच्या महिन्यांत दोन दिवस गावीं गेलों होतों. मोत्या अंगणांत पडून होता. गळ्यांत साखळी नाहीं, फाटक उघडें.

"भावोजी, आतां तो मुळींच पळत नाहीं हो. सुधारला!" वहिनी कौतुकानें म्हणाल्या.

आम्ही कांहीं बोललों नाहीं. पळून जायलाहि जाण्याजोगें एक ठिकाण असावें लागतें, हें त्यांना कसें सांगावें?

तेवढ्यांत पिवळ्या गाडीचा भोंगा वाजला. मोत्यानें एक कान हालविला आणि पुन्हा डोळे मिटले.