म्हातारा काळू

आमच्या घाटकोपरच्या चाळीतला काळू आता तेरा वर्षांचा झाला. तोंड पांढरे पडले, डोळ्यांत निळसर झाक आली. ही झाक म्हणजे मोतीबिंदूच असे नाही. वयाने डोळ्याचे भिंग घट्ट होते, तरी दिसत राहते. कान मात्र गेले. परवा शेजारच्या पोराने मागून हात टाकला तसा तो गुरकावला, आणि 'पिसाळला, गाडी बोलवा' अशी ओरड झाली. पिसाळला कसला! लस दरसाल टोचलेली. बिचारा दचकला, त्यात सांधे दुखतात. १९९४ पर्यंत महापालिका भटकी कुत्री मारीत असे. ती भाषा अजून लोकांच्या तोंडात आहे. पोरांना आम्ही सांगितले, समोरून या, आधी वास घेऊ द्या. रात्री तो भिंतीकडे तोंड करून उगाच भुंकतो. मग आमच्यातले कोणीतरी उठून त्याच्यापाशी बसते.