पाच रुपयांचा लाडू

संक्रांतीच्या सुमाराला शहापूर तालुक्यात शेणव्याकडच्या शाळांना बालआनंद मेळाव्याचे वेध लागतात. भात झोडून झालेलं असतं, हवेत गारवा असतो. खाऊ घरी करायचा, पटांगणात मांडायचा, विकायचा. स्काउट-गाइडवाले याला ‘खरी कमाई’ म्हणतात. शाळेला किरकोळ खर्चासाठी मिळणारे सादिलाचे पैसे खडू-झाडूतच जिरतात. त्यामुळे गोष्टीची पुस्तकं किंवा सहल हवी असेल, तर कढई चढवावीच लागते.

आदल्या रात्री तीळ तडतडतात. चिकीच्या गुळाचा पाक उकळायला लागला की त्याचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकायचा. गोळी वाटीवर आपटून टणकन वाजली, की कढई खाली. मग घरात कुणी कुणाशी बोलत नाही. पाण्याचा हात लावायचा, चटके सोसायचे आणि भराभर वळत सुटायचं. मिश्रण गार झालं, तर लाडू वळलेच जात नाहीत. म्हणून शेजारच्या काकीलाही हाक जाते. दोन लाडू पोरं तिथंच खातात, ते हिशेबात धरत नाहीत.

सकाळी पटांगणात तुरीच्या उकडलेल्या शेंगा, नाचणीचे लाडू, मीठ लावलेले कडसर करांदे. भेळेपुढे मात्र कुणाचं काही चालत नाही, हे मला खटकतं. भेळ काय, शहापूरच्या नाक्यावरही मिळते. ज्याची आजी बाजारात करांदे घेऊन बसते, तो पोरगा भावात एक रुपया सोडत नाही. बाकीचे ओळखीचं तोंड दिसलं की फुकट वाटत सुटतात.

काही मुलं या दिवशी नसतातच. कातकऱ्यांची कितीतरी घरं दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तिथं हजार विटांमागे मजुरी ठरते, आधी घेतलेली उचल तीतून फिटत राहते. भाव कमी असतो, पण मेहनत मोजली तरी जाते.

इथं दुपारी फळ्यावर हिशेब मांडतात: तीळ, गूळ, शेंगदाणे. एखादी चुणचुणीत पोर सरपणाचं विचारते. ते रानातलं, म्हणून सोडून देतात. आईच्या हातांचं कुणी विचारत नाही. माझं म्हणणं, मजुरीची ओळ फळ्यावर यावीच. नफा बुडेल, पाचचा लाडू पंधराला विकावा लागेल, आणि एवढा महागाचा लाडू घ्यायला शेवटी आईच पदराची गाठ सोडेल.