कर्कटकाचे दोन पाय

शाळेतून बाईंचा निरोप आला, "माजी विद्यार्थिनींच्या पानासाठी काहीतरी लिहा. तुमच्या गुरुवारच्या वाचनाबद्दलच लिहा ना!" आम्ही चौघी याच शाळेत पुढच्या-मागच्या बाकांवर बसून शिकलो. लग्नानंतरही इंदूर सुटले नाही. आता मुले मार्गी लागली आहेत, तेव्हा दर गुरुवारी दुपारी एकीच्या घरी जमतो आणि काही ना काही वाचतो. आमच्यातली एक कॉलेजात इंग्रजी शिकवायची. यंदाच्या पावसाळ्यात तिने जॉन डन या इंग्रज कवीचे पुस्तक आणले.

खरे सांगायचे तर त्या दिवशी कुणाचेच लक्ष वाचनात नव्हते. आमच्यातल्या एकीचे यजमान चैत्रात गेले. त्यानंतर ती प्रथमच आली होती. आम्ही पावसाबद्दल बोललो, साबुदाण्याच्या खिचडीबद्दल बोललो. तिच्या यजमानांचा विषय मात्र कटाक्षाने टाळला. आपण तिला जपतो आहोत, असे आम्हाला वाटत होते.

कॉलेजातल्या मैत्रिणीने आधी कवीची हकिगत सांगितली. डनचा जन्म 1572 चा, लंडनमधल्या कॅथलिक घरातला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे धोक्याचे होते. एका धर्मगुरूला आसरा दिला म्हणून त्याचा धाकटा भाऊ तुरुंगात गेला आणि 1593 मध्ये तिथेच वारला. पुढे डन एका बड्या सरकारी अधिकाऱ्याचा चिटणीस झाला. त्या अधिकाऱ्याच्या पत्नीची भाची अ‍ॅन मोर हिच्याशी त्याने 1601 मध्ये गुपचूप लग्न केले. नोकरी गेली, काही दिवस कैदही झाली. मग कितीतरी वर्षे ओढग्रस्तीत गेली आणि घरात मुले वाढत राहिली.

डनला आणि त्याच्या वळणाने लिहिणाऱ्यांना 'मेटॅफिजिकल कवी' म्हणतात. अठराव्या शतकात डॉ. जॉन्सन यांनी हे नाव रूढ केले, तेही कौतुकाने नव्हे. यांच्या उपमा त्यांना ओढूनताणून आणलेल्या वाटत. प्रेमासाठी चंद्र-कमळ सोडून हे कवी नकाशे, पिसू, भूमिती असले काहीही आणतात! पुढे 1921 मध्ये टी. एस. एलियट यांनी एका निबंधात त्यांची बाजू मांडली. या कवींच्या ठायी विचार आणि भावना वेगळ्या नसतात, असे त्यांचे म्हणणे होते.

मग तिने निरोपाची एक कविता समजावून दिली. ती डनने 1611 मध्ये फ्रान्सला जाताना पत्नीसाठी लिहिली, असे त्याचा चरित्रकार वॉल्टन सांगतो. तिच्यात नवरा-बायकोला उपमा दिली आहे ती कर्कटकाची. एक पाय मध्यावर रोवलेला, दुसरा दूर फिरणारा. मधला जागचा हलत नाही, पण दुसरा जितका लांब जातो तितका हाही त्याच्याकडे झुकतो आणि तो परतला की ताठ होतो.

"कर्कटक? कंपासपेटीतलं?" आम्हाला हसू आवरेना. भूमितीच्या तासाला पेन्सिल निसटून वर्तुळाचे बटाटे व्हायचे, ते आठवले.

ती मात्र हसली नाही. म्हणाली, "अगं, बरोबर आहे हे. ह्यांची बदली रतलामला होती तेव्हा सहा वर्षं मी मधला पाय होते. लोकांना वाटायचं, ही इथे निवांत." थोडे थांबून तिने विचारले, "पण आता फिरणारा पाय परत येणार नाही. मग मधल्याने काय करायचं?"

कुणालाच उत्तर सुचेना. कॉलेजातली मैत्रीण पाने उलटत हळूच म्हणाली, "त्याच्यावरही हीच वेळ आली." अ‍ॅन 1617 मध्ये बाराव्या बाळंतपणानंतर गेली, वय अवघे 33. डन 1615 मध्येच इंग्लंडच्या चर्चचा धर्मोपदेशक झाला होता. पत्नीच्या मृत्यूवरच्या सुनीतात तो म्हणतो की आता मन देवाकडे लागले आहे. पण पुढे लगेच कबूल करतो की प्रेमाची तहान भागलेली नाही. धर्मोपदेशक असूनही त्याने खोटी शांती मिरवली नाही. त्याने पुन्हा लग्नही केले नाही.

"तुकोबाच की!" आमच्यातली एक म्हणाली. डन 1631 मध्ये गेला, त्याच सुमारास इकडे दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली. एकमेकांचे नावही दोघांनी ऐकलेले नसणार. पण देवाशी हुज्जत घालायला दोघेही भ्याले नाहीत.

डन 1623 मध्ये स्वतः मोठ्या तापाने अंथरुणाला खिळला होता. शेजारच्या चर्चमधली दुसऱ्या कुणाच्या मृत्यूची घंटा पडल्यापडल्या कानी येई. त्यावर 1624 मध्ये छापलेल्या पुस्तकात तो लिहितो की माणसे एकमेकांत अशी गुंतलेली आहेत की दुसऱ्याचा मृत्यू हा आपलाही तोटा असतो.

इथे आम्ही वरमलो. आमच्या मैत्रिणीच्या घरची घंटा आम्ही ऐकली होती आणि कानांवर हात ठेवून बसलो होतो. तिला जपण्याच्या नावाखाली स्वतःलाच जपत होतो.

पुस्तक मिटले. आमच्यातल्या एकीने विचारले, "रतलामहून ते शनिवारी यायचे ना गं?" ती आधी रडली. मग बोलत राहिली. त्यांचे गाडी चुकवणे, स्टेशनावरून आणलेली शेव, रागावले की गप्प बसणे. अंधार पडेपर्यंत बोलली. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही. पण दर गुरुवारी आता त्यांचे नाव निघते आणि ती म्हणते, "तेवढं बरं वाटतं."

हा मजकूर तिला वाचून दाखवूनच पाठवत आहोत. मुलांनो, वर्गातल्या कुणाच्या घरी असे दुःख झाले, तर काय बोलावे या विचाराने लांब राहू नका. शेजारी जाऊन बसा आणि गेलेल्या माणसाबद्दल विचारा. शब्द चुकले तरी चालतील. आमचीही वर्तुळे कधी नीट आली नव्हती.