१७ नंबरचा डबा

मिरज हे दवाखान्यांचे गाव. आसपासच्या तालुक्यांतून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही माणसे इथे उपचाराला येतात. पेशंटबरोबर एक-दोन नातेवाईक असतातच आणि परक्या गावात त्यांच्यापुढे दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न असतो. ही गरज पाहूनच पाच वर्षांपूर्वी मी घरातून डबे द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला सहा डबे होते. अल्लाहने बरकत दिली आणि ते चाळीसवर गेले. स्वयंपाक मी आणि माझी जाऊ करायचो. डबे पोचवायला मोहल्ल्यातलाच एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता.

डबे चाळीस झाले, पण पद्धत सहा डब्यांचीच राहिली. ऑर्डर कधी माझ्या फोनवर येई, कधी ह्यांच्या फोनवर, तर कधी कुणी दारात येऊन जावेला सांगून जाई. थोडे कॅलेंडरच्या मागे लिहिलेले, बाकी सगळे डोक्यात. बिनमिठाच्या पथ्याच्या डब्याला लाल दोरा बांधायचा आणि इतर डब्यांवर नावाची चिठ्ठी चिकटवायची. ती चिठ्ठी वाफेने अर्ध्या वाटेत गळून पडे. तरी रोजचे भागत होते, म्हणून सगळे ठीक आहे असेच वाटे.

एका शुक्रवारी दुपारी दोन वाजता फोन आला. "ताई, ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा आईला जेवायला सांगितलंय. ती बारापासून वाट बघतेय. डबा आलाच नाही."

मी मुलाला विचारले. तो म्हणाला, "दिला ना खाला. खाटेजवळ बसलेल्या बाईंच्या हातात दिला."

"कोण बाई? नाव काय?"

"नाव नाही विचारलं."

त्याच महिन्यात आमचे तीन डबे परत आले नव्हते. माझ्या मनात दोन्ही गोष्टींची सांगड बसली. ह्यांच्या आणि जावेच्या देखत मी बोलू नये ते बोलले, "डबे विकतोस की काय बाहेर?" तो काहीच बोलला नाही. महिनाअखेर होती. पगारातून मी तीन डब्यांचे ६०० रुपये कापले. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

आठवड्याने गॅसच्या सिलिंडरचा मेसेज शोधायला मी ह्यांचा फोन घेतला. खाली सरकवता सरकवता त्या शुक्रवारचा सकाळी नऊचा मेसेज समोर आला, 'आईला दुसऱ्या मजल्यावर हलवलं आहे. डबा तिथे पाठवा.' ह्यांनी तो वाचला होता आणि मला सांगायला विसरले होते. मुलगा आम्ही सांगितलेल्या खाटेपाशीच गेला होता. तिथे नव्याने आलेल्या पेशंटच्या बाईने, आपल्याच कुणी पाठवला असेल असे समजून डबा घेतला असणार. हरवलेल्या तीनपैकी एक डबा तर माझ्या नणंदेकडे निघाला. ईदला त्यात शीरखुर्मा मीच पाठवला होता.

त्या संध्याकाळी ६०० रुपये घेऊन मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईला म्हणाले, "आपा, चूक माझ्या घरातली होती. मी तुमच्या मुलावर तोहमत घेतली. ज्यांच्यासमोर बोलले, त्यांच्यासमोरच माफी मागेन." मुलगा दाराशी उभा होता. तो एवढेच म्हणाला, "पैशांचं काही नाही खाला. पण मी डबा दिला, हे मला दाखवताच येत नव्हतं."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. ऑर्डर घेणारी मी, निरोप विसरणारे हे, डबा भरणारी जाऊ. इतक्या हातांतून डबा गेला. नोंद कुठेच नव्हती, म्हणून संशय शेवटच्या हातावर गेला. आणि शेवटचा हात बहुधा सगळ्यांत गरिबाचाच असतो.

तो परत आला आणि नवी पद्धत आम्ही सर्वांनी बसून ठरवली. भांड्यांवर नावे घालून देणाऱ्याकडून प्रत्येक डब्यावर नंबर कोरून घेतला. नंबर झाकणावरही आणि डब्यावरही, कारण घासताना झाकणे बदलतात. पथ्याच्या डब्यांना दोन्हीकडे लाल ऑइलपेंटचा ठिपका. ऑर्डरसाठी एकच फोन. दुसरीकडे निरोप आला तरी आधी तो वहीत चढवायचा. वहीत प्रत्येक डब्यासमोर रकाने आखले: ऑर्डर कोणी घेतली, मजला व खाट, भरला कोणी, निघाला किती वाजता, घेतला कोणी, रिकामा परत कधी. खाट बदलली तर जुने खोडरबरने पुसायचे नाही. एक रेघ मारून शेजारी नवे आणि वेळ लिहायची. डबा देताना मुलगा घेणाऱ्याचे नाव आणि ऑर्डरच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे विचारतो. जुळले तरच डबा देतो. खर्च झाला तो नंबर कोरण्याचा, रंगाचा आणि एका वहीचा.

यात नवे काहीच नाही. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या मुंबईच्या डबेवाल्यांचे काम अशाच खुणांवर चालत आले आहे. झाकणावरच्या अक्षर-आकड्यांतून स्टेशन, इमारत आणि मजला कळतो. डबा वाटेत अनेक हात बदलतो, तरी त्याला पत्ता तोंडाने सांगावा लागत नाही.

आणि खरे तर आपल्याला हे त्याच्या फार आधीपासून सांगितलेले आहे. कुरआनातील सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२वी. ती नमाज-रोज्याविषयी नसून उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, त्याने शंकेला जागा राहत नाही, असा तिचा आशय. माझे बहुतेक गिऱ्हाईक पेशंटला घरी नेताना हिशेब करते, म्हणजे उधारीच झाली. ही आयत मी कितीदा तरी तिलावतीत वाचली होती. माझ्या चुलीशी तिचा संबंध आहे हे मात्र उशिरा कळले.

परवा पुन्हा तक्रार आली, "डबा पाऊण तास उशिरा आला." पूर्वी मी आधी मुलाला हाक मारली असती. आता वही उघडली. १७ नंबरचा डबा, निघाला एक वाजून दहा मिनिटांनी. 'भरला कोणी' या रकान्यात माझेच नाव होते. मी गिऱ्हाइकाला फोन करून माफी मागितली. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. या वेळी त्याला काही सिद्ध करावे लागले नाही.