चार फूट पाणी

हॉटेल या शब्दाशी माझा संबंध बरीच वर्षे भज्यांपुरताच होता. आमच्या वाईत हॉटेल म्हणजे दोन बाकडी, काचेच्या कपाटातली शेव आणि आतल्या अंधाराकडे तोंड करून दिलेली 'दोन मिसळ, एक चहा' अशी आरोळी. हॉटेलात खायचे असते, राहायचे नसते. राहायचे असते ते बहिणीकडे, मावशीकडे, नाहीतर निदान मित्राच्या सासुरवाडीला, असे आमचे संस्कार. शाळेची सहल नेली तर धर्मशाळा. साहित्यिक म्हणून कोणी बोलावलेच तर एखाद्या वर्गखोलीतली सतरंजी. असा मी, आणि गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पुण्यात हॉटेल शोधण्याची पाळी माझ्यावर आली. तेही साधेसुधे नव्हे, पोहण्याचा तलाव असलेले!

"मास्तरांच्या कादंबऱ्या खपताहेत वाटतं," असे आमचे हेडमास्तर म्हणाले. शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. मीही हसलो. हे हॉटेल कोणासाठी आणि कशासाठी, हे तिथे सांगण्यासारखे नव्हते. इथे सांगतो.

अक्काचा मुलगा नऊ वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे आला होता. परसातल्या आंब्यावर चढला. फार उंच नव्हे, अगदी खालच्या फांदीवर. चढला खरा, पण उतरायला घाबरला. मी खाली उभा राहून हात पसरले आणि म्हणालो, "मार उडी! मी आहे ना!" त्याने मारली. मी होतो; पण माझे हात जिथे असायला हवे होते तिथे नव्हते.

मोडलेले हाड जुळले. पण मुलांच्या हाडाच्या टोकाशी कुर्चेचा एक पातळ थर असतो. हाडाची लांबी वाढते ती त्या थरातून. डाव्या नडगीच्या वरच्या टोकाचा तो थर दुखावला होता. पोरगे वाढत गेले तशी उजवी नडगी पुढे गेली, डावी मागे पडली. सोळाव्या वर्षी दोहोंत चार सेंटिमीटरचे अंतर पडले. चार सेंटिमीटर म्हणजे किती, हे मला शाळेत रोज दिसत असे. खडूची कांडी मधोमध मोडली की हातात उरते तेवढे.

अक्का त्याबद्दल मला कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. भाचा डाव्या बुटाला जाड तळ लावून चालायला शिकला आणि मी त्याच्या मागून चालायचे टाळायला शिकलो. पुढे माझ्या एका कादंबरीत मी एक लंगडा नायक आणला. त्याच्या मनाचे पदर उलगडण्यात चाळीस पाने घालवली, आणि त्या पानांचे कौतुकही झाले. पण त्या चाळीस पानांत तो एकदाही जिना चढत नाही. भाच्याने ती कादंबरी वाचली तेव्हा एवढेच म्हणाला, "मामा, ह्याचं घर तळमजल्यावर होतं का?"

बाविसाव्या वर्षी त्याने स्वतःच ठरवले की पाय वाढवून घ्यायचा.

ही विद्या सैबेरियातली. दुसऱ्या महायुद्धानंतर कुर्गान भागात गाव्रील इलिझारोव्ह नावाचा एक तरुण डॉक्टर मोडलेल्या हाडांवर उपाय शोधत होता. 1950 नंतरच्या दशकात त्याने पायाभोवती धातूची कडी बसवून, हाडातून आरपार ताणलेल्या तारांनी ती जखडण्याची रीत बसवली. हाड कापायचे, काही दिवस थांबायचे आणि मग कड्यांमधले अंतर रोज थोडेथोडे वाढवत जायचे. मधल्या फटीत शरीर आपले आपण नवे हाड भरते. वालेरी ब्रुमेल या रशियन खेळाडूने 1964 साली टोकियोला उंच उडीत सुवर्णपदक मिळवले आणि पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा चुराडा झाला. 1968 साली इलिझारोव्हने त्याचा पाय हाती घेतला, आणि तो माणूस पुन्हा उंच उडी मारू लागला. मोठ्या डॉक्टरांना जे जमले नव्हते ते आडगावच्या एका डॉक्टरने केले, याचा मला, आडगावच्या मास्तराला, उगाचच अभिमान वाटला.

पण या विद्येचा गाभा तारांत नाही, धीरात आहे. दिवसाला 1 मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत. घाई केली तर नसा आणि स्नायू ओढले जातात, नवे हाड धरत नाही. फार रेंगाळले तर फट अवेळीच भरून जाते. भाचा रोज सकाळी सहाला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला आणि मध्यरात्री बाराला पाना घेऊन नट पाव फेरा फिरवी. मध्यरात्रीच्या फेऱ्यासाठी अक्का घड्याळाचा गजर लावून उठे आणि कंदील धरावा तसा मोबाइलचा उजेड धरून बसे. असे चाळीस दिवस. मग नवे हाड घट्ट होण्याची वाट पाहण्यात आणखी काही महिने. होळीनंतर चढलेली कडी गणपती उठल्यावर उतरली.

पाय आता सारखे झाले. पण सारखे झालेले पाय चालतातच असे नाही. पोटरी ताणून ताठ झाली होती, टाच जमिनीला टेकत नव्हती, गुडघा अर्ध्यावर अडत होता. डॉक्टर म्हणाले, "नवं हाड आहे. एकदम सगळा भार नको. पण भार पडलाच नाही तर ते पक्कंही होणार नाही." मी म्हणालो, "मग करायचं काय?" ते म्हणाले, "पाण्यात चालवा."

गणित सोपे आहे, आर्किमिडीजच्या काळापासूनचे आहे. माणूस बेंबीपर्यंत पाण्यात उभा राहिला की पायांवर निम्मेच वजन येते. छातीपर्यंत उतरला तर साधारण एक तृतीयांश. पाणी खोलवरून उथळ करत आणायचे, म्हणजे भार आपोआप वाढत जातो. मी उत्साहाने म्हणालो, "मग आमच्याकडे कृष्णा आहे की! मी पाठीला डबा बांधून तिच्यातच पोहायला शिकलो." डॉक्टरांनी हात जोडले. "मास्तर, जखमा नुकत्या बुजल्यात. नदीचं पाणी नको आणि शेवाळलेला घाट तर मुळीच नको." व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे रोज जायचे होते. अक्काचे घर चिपळूणला. पुण्यातला चुलतभाऊ तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून हॉटेल, आणि म्हणून तलाव. माझ्याजवळ एका कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीचे पैसे होते. कोणती कादंबरी ते वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

पहिले हॉटेल भव्य होते. तलाव असा निळा की पाण्याला शाई लावली आहे असे वाटावे. पण आत उतरायला उभी शिडी होती, आणि जिथे शिडी संपत होती तिथे पाच फूट पाणी. शिडीवर ताठ घोट्याचा पाय कसा वळायचा? मी विचारले, "पायऱ्या नाहीत का?" काउंटरवरचा तरुण नम्रपणे म्हणाला, "सर, आपल्याकडे धबधबा आहे." मग त्याने एका दिवसाचे भाडे सांगितले आणि मी खिशात घातलेला हात खिशातच ठेवला.

दुसऱ्या ठिकाणी भाचाही बरोबर होता. तलाव गच्चीवर. लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंत येई, आणि गच्चीवर जायला तिथून अकरा पायऱ्या, कठडा नसलेल्या. ज्याने ही इमारत बांधली त्याचे गुडघे देवाने शाबूत ठेवोत! तरी भाचा कुबड्या एका हातात घेऊन, भिंतीला धरून वर गेला. वर गुळगुळीत फरशा, त्यांवर पाणी. कुबडीच्या रबरी टोपणाला ओली फरशी म्हणजे बर्फच. तेवढ्यात व्यवस्थापक आला. त्याची नजर भाच्याच्या नडगीवरच्या काळपट डागांवर गेली. तारा जिथून आत-बाहेर गेल्या होत्या तिथले ते वण. आवाज खाली आणून तो मला म्हणाला, "कातडीचं काही आहे का? बाकीचे पाहुणे तक्रार करतात, म्हणून विचारलं." आवाज पुरेसा खाली आला नव्हता. भाच्याने वर दुमडलेली विजार शांतपणे खाली सोडली आणि अकरा पायऱ्या उतरू लागला.

रिक्षात तो काही बोलला नाही. मीही नाही. तेरा वर्षे बुटाच्या तळात लपवलेली गोष्ट आता बरी झाली म्हणून उघडी केली, तर बरे झाल्याच्या खुणांनीच घात केला. त्या दिवशी मला हॉटेलांचे तारे मोजण्यातली फोलता कळली. कुबड्यांवर चालणाऱ्याला जग ताऱ्यांनी मोजता येत नाही. त्याला ते उंबऱ्यांनी मोजावे लागते. एक इंचाचा उंबरा, न्हाणीघराचे अरुंद दार, बैठका संडास, धरायला दांडी नसलेली भिंत. मी या साऱ्यांवरून उभा जन्म चालत आलो होतो आणि त्यांतले एकही मला दिसले नव्हते. मी म्हणे कादंबरीकार!

तिसऱ्या हॉटेलात मी एकटाच गेलो; आमच्या सौभाग्यवतींच्या शिवणाच्या पेटीतली मोजपट्टी बरोबर घेऊन. हॉटेल जुने, रंग उडालेला, पाटीवरचे एक अक्षर गळलेले. तलाव तळमजल्यावर, मागच्या अंगणात. एका टोकाला रुंद पायऱ्या आणि त्यांच्या कडेने गंजू पाहणारा लोखंडी नळ. तळाचा उतार अगदी बेताचा. मी गुडघे टेकून मोजपट्टी पाण्यात सोडू लागलो तेव्हा मागून एक म्हातारे गृहस्थ आले. मालक तेच. मला वाटले, आता हाकलणार. ते म्हणाले, "एकट्याला जमणार नाही. दुसरं टोक मी धरतो."

आम्ही दोघांनी मिळून मोजले. पायऱ्यांपाशी साडेतीन फूट, मधे चार, पलीकडे साडेचार. भाच्याच्या छातीला चार फूट पुरतात. मग त्यांनी आपण होऊन तळमजल्यावरची एक खोली दाखवली. न्हाणीघरात दोन दांड्या बसवलेल्या. "बायकोचा गुडघा बदलला तेव्हा बसवल्या," ते म्हणाले. "तिला आता लागत नाहीत. पण काढवत नाहीत." ऊन तलावावर कधी येते, हे मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितले, "दहाच्या आत उतरू नका. पाणी गार असतं." वणांबद्दल मीच आगाऊ सांगून टाकले. ते ऐकून घेऊन त्यांनी विचारले, "दुखतं का अजून त्याला?" महिन्याचा हिशेब करून भाडेही माझ्या आवाक्यात आणून ठेवले.

नरकचतुर्दशीला अक्काने पहाटे उठून त्याला तेल लावले, उटणे लावले. तलावाच्या कडेला 'तेल लावून पाण्यात उतरू नये' अशी पाटी होती. ती वाचून अक्का म्हणाली, "म्हणजे ह्यांना दिवाळी ठाऊक आहे तर!" खोलीतच साबण लावून सगळे तेल काढावे लागले. दहाला ऊन आले. मी आधी उतरलो. पायऱ्यांखाली, साडेतीन फूट पाण्यात उभा राहिलो.

भाचा नळ धरून एकेक पायरी उतरला आणि शेवटच्या पायरीवर थांबला. पुढे तळ होता. पण पाण्यातून दिसणारा तळ हलत असतो. त्याने नळावरचा हात सोडला नाही. मी दोन्ही हात पसरले. ओठांवर ते जुने वाक्य आले, 'मी आहे ना'. ते मी गिळले. तेरा वर्षांनी पुन्हा तेच म्हणायचा धीर मला झाला नाही.

त्याने माझ्या हातांकडे पाहिले. मग तोंडाकडे. मग हसला आणि म्हणाला, "मामा, ह्या वेळी नीट धर हं."

त्याला सगळे आठवत होते. नेहमीच आठवत होते. आणि तो हसत होता.

मी धरले. अगदी नीट धरले. तो पाण्यात आला, दोन पावले टाकली, आणि चौथ्या पावलाला म्हणाला, "आता सोड." हे मात्र मला जड गेले. पण सोडले. छातीभर पाण्यात हात पसरून तो पलीकडच्या कडेपर्यंत चालत गेला. हळू, टाच टेकवत, व्यायामाच्या बाईंनी सांगितले होते तसा. काठावर अक्का पावले मोजत होती. मोजता मोजता तिचा आकडा चुकला आणि तिने डोळ्यांना पदर लावला. मी त्याच्या मागोमाग निघालो. कितीतरी वर्षांनी मी त्याच्या मागून चालत होतो.

भाऊबीजेला अक्काने त्याच्यासाठी बाजारातून बुटांचा एक जोड आणला. साधा, दुकानात सगळ्यांना मिळतो तसा. त्याने तो उलटा करून दोन्ही तळ एकमेकांवर ठेवून पाहिले आणि खोलीच्या दाराशी, माझ्या चपलांशेजारी, नीट लावून ठेवला.